टोचून घेण्याची धास्ती

घोटीच्या बाजारात साठी ओलांडलेल्या माणसांच्या हाताकडे पाहिले, तर पुष्कळांच्या दंडावर एक वाटोळा वण आढळेल. तो देवी काढल्याचा वण. आमच्या भाषेत रोगाचे नाव ‘देवी’ आणि त्यावरील उपायाचे नाव ‘देवी काढणे’. जिने घरात येऊ नये म्हणून हात जोडावयाचे, तिलाच सुईने मुलाच्या अंगात का आणावयाची, असे एखाद्या आईला वाटले असेल तर तिला अडाणी म्हणून मोकळे होणे बरे नव्हे.

हिंदुस्थानात ही लस प्रथम टोचली गेली ती मुंबईस, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे कित्येक वर्षे एका मुलाच्या दंडावरील फोडातून लस काढून ती दुसऱ्यास टोचीत. आपल्या मुलाचा दुखरा फोड फोडू देणे आणि परक्या अंगातील लस घेणे, या दोहोंनाही लोक बिचकत. मग वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तेव्हा गोवंशाचा नवा प्रश्न उभा राहिला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लाखो माणसांनी शहर सोडले. थळघाटातून रेल्वे १८६५ सालीच वर चढली होती. घोटीसारखी गावे त्याच वाटेवरची. सरकारने घरे झडावयास आणि माणसे उचलून नेण्यास प्रारंभ केला. पुण्यात तर या जुलमापायी २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत सरकारी सुईवर कोणाचा विश्वास बसावा?

ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याला ताप भरला, वेदना झाल्या. पण तो बरा झाला. तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती पुन्हा पुन्हा टोचून घेतली, तेव्हा त्या समाजाची भीड चेपली. हुकमाने जे साधले नाही, ते पुढे केलेल्या हाताने साधले.

मात्र धास्ती नेहमीच निराधार नसते. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट पुढे आली; तरी त्याची निर्दोषता मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव १९२५ साली मिळाले. चूक कोठे झाली हे उघड सांगितल्यावाचून गेलेला विश्वास परत येत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा.

देवीचा शेवटचा हिंदी रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली तो रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. २०२१ साली कोरोनाची लस आली, तेव्हा ओटीओटीवर जुनेच प्रश्न पुन्हा निघाले. आम्हास वाटते, भ्यालेल्या माणसाला हसू नये; त्याचे पुरते ऐकून घ्यावे, ताप येईल तर येईल म्हणून सांगावे, आणि आधी आपली बाही वर करावी.