सस्कॅचवानचे तेवीस दिवस

डॉक्टरांनी संप केला, हे वाक्य आज आपल्या कानांना फारसे खटकत नाही. १९६२ साली मात्र ते ऐकून पुष्कळांनी तोंडात बोट घातले होते. त्या वर्षी १ जुलैला, रविवारी, कॅनडातील सस्कॅचवान नावाच्या प्रांतात बहुतेक सगळ्या डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. पगार वाढवा म्हणून नव्हे, की कामाचे तास कमी करा म्हणूनही नव्हे. प्रांतातील प्रत्येक माणसाच्या डॉक्टरी उपचारांचे बिल यापुढे सरकारी निधीतून चुकते होईल, असा कायदा सरकारने केला होता, आणि तो त्यांना मान्य नव्हता. आता, बिल भरणारा मिळाला म्हणून कोणी भांडतो का? पण भांडण झाले, आणि चांगले तेवीस दिवस चालले. ते का झाले आणि मिटले कसे, हे आपण पाहू.

सस्कॅचवान विस्ताराने आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. वस्ती मात्र त्या वेळी सव्वानऊ लाखांच्या आसपास. दूरवर पसरलेली गव्हाची शेते, मैलामैलांवर एकेक घर, आणि हिवाळा असा की रस्ते बर्फाखाली गडप व्हावेत. अशा मुलखात डॉक्टर टिकवायचा कसा, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांना सरकारच्या किती तरी आधी पडला होता. १९१४-१५ च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण पालिकेतला डॉक्टर गाव सोडून निघाला, तेव्हा लोकांनी करातून वर्षाला १,५०० डॉलर देऊ करून त्याला थांबवून घेतले. बलुतेदारीची आठवण व्हावी असाच हा प्रकार! पुढे कायद्याने त्याला मान्यता मिळाली, आणि १९४० च्या सुमारास असे ‘पालिकेचे डॉक्टर’ शंभरच्या आसपास पालिकांनी नेमलेले होते.

मध्यंतरी १९३० नंतरची ती भयंकर वर्षे येऊन गेली. पाऊस नाही, धुळीची वादळे, आणि गव्हाला भाव नाही. लोकांकडे पैसाच उरला नाही, तेव्हा डॉक्टरांना तरी कुठून मिळणार? कोणी कोंबड्या देई, कोणी जळण देई. या काळात आरोग्यविम्याची मागणी खुद्द डॉक्टरांकडूनही होत होती, ही गोष्ट पुढच्या भांडणात सगळेच सोयीस्करपणे विसरले. १९४३ साली कॅनडाच्या अखिल देशीय वैद्यक संघटनेने आरोग्यविम्याचे तत्त्व मान्य केले होते. मग वीस वर्षांत असे काय घडले? घडले एवढेच, की पाऊस आला, युद्धानंतर गव्हाला भाव आला, रोगी बिले भरू लागले, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या विमासंस्था उभ्या केल्या. त्या चांगल्या चालल्याही. माणसाची तत्त्वे पावसापाण्यावर हलतात, असे म्हणणे जरा कडू वाटेल. परंतु या बाबतीत ते अगदीच खोटे नाही.

१९४४ साली या प्रांतात टॉमी डग्लस यांचा समाजवादी पक्ष निवडून आला. डग्लस मूळचे स्कॉटलंडचे, पेशाने धर्मोपदेशक. लहानपणी गुडघ्याच्या हाडाला पू झाला आणि पाय कापण्यापर्यंत पाळी आली. विनिपेगच्या रुग्णालयात एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने त्यांच्यावर फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. पुढे ते सांगत, की माझा पाय वाचला तो माझ्या हक्काने नव्हे, योगायोगाने. आणि मुलाचा पाय योगायोगावर सोपवणे बरे नव्हे.

अधिकारावर येताच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकाच्या इतिहासाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट यांना प्रांताची पाहणी करायला बोलावले. आपल्यालाही हे नाव अगदी परके नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हेच सिगरिस्ट सर जोसेफ भोर यांच्या समितीला सल्ला द्यायला हिंदुस्थानात आले होते. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ च्या अहवालात लिहिलेले वाक्य आणि सस्कॅचवानमधील हा खटाटोप, दोन्ही एकाच हवेत वाढलेले आहेत. आपल्याकडे तो अहवाल बहुतांशी कपाटात राहिला. तिकडे मात्र काम सुरू झाले.

तेही एकदम नव्हे. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट या एका विभागापुरती डॉक्टरी सेवेची योजना झाली. माणशी पट्टी आणि जमिनीवरचा कर यांतून पैसा उभा केला, आणि डॉक्टरांना कामाप्रमाणे फी मिळू लागली. बुडीत बिले बंद झाल्याने त्या ओसाड विभागात डॉक्टर आपणहून येऊ लागले. १९४७ च्या १ जानेवारीपासून प्रांतभर रुग्णालयाच्या खर्चाचा विमा सुरू झाला. माणशी पट्टी वर्षाला ५ डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठे असो, ३० डॉलरच्या वर नाही. दहा-अकरा वर्षांत हीच व्यवस्था केंद्र सरकारच्या मदतीने देशभर पसरू लागली, आणि केंद्राचा पैसा हाती येताच डग्लस यांनी पुढचे पाऊल टाकले.

१६ डिसेंबर १९५९ रोजी त्यांनी रेडिओवरून भाषण करून पाच तत्त्वे जाहीर केली. पैसे आगाऊ भरायचे. योजनेत सगळे असायचे, कोणी बाहेर नाही. सेवा उत्तम दर्जाची. कारभार विधिमंडळाला जबाबदार असलेल्या सार्वजनिक संस्थेकडे. आणि पाचवे तत्त्व असे, की सेवा देणारे आणि घेणारे या दोघांनाही योजना मान्य असावी. हे पाचवे तत्त्व उदारपणाने घातले खरे, पण तोच पेच होऊन बसला. कारण डॉक्टर म्हणाले, आम्हांला मान्य नाही. मग आता?

प्रांतातील डॉक्टरांची संस्था तेव्हा ‘कॉलेज’ या नावाने ओळखली जाई. हे शिकवण्याचे कॉलेज नव्हे. डॉक्टरांची नोंदणी करणारी, परवाना देणारी अधिकृत संस्था, आणि त्या काळी तीच त्यांची संघटनाही होती. म्हणजे न्यायाधीश आणि वकील एकच! १९६० च्या निवडणुकीत हे कॉलेज उघडपणे सरकारविरुद्ध उतरले, आणि त्याने प्रचारावर लाखाच्या आसपास डॉलर खर्च केले. प्रचार कुठल्या थराला गेला, ते सांगण्यासारखे आहे. चाळिशी उलटलेल्या बायकांच्या तक्रारींचा निकाल डॉक्टरऐवजी कारकून लावील आणि त्यांना वेड्यांच्या रुग्णालयात पाठवील, अशा गोष्टी छापून वाटल्या गेल्या. लोकांनी बहुतेक ते मनावर घेतले नाही, आणि डग्लस यांचा पक्ष पुन्हा निवडून आला. पण मते पडली सुमारे ४१ टक्के. विरोधकांनी लगेच बोट दाखवले: शंभरातल्या एकोणसाठ जणांनी तुम्हांला मत दिलेले नाही, मग सक्ती कुणाच्या जोरावर करता? याला सरकारजवळ कायदेशीर उत्तर होते. समाधानकारक उत्तर होते की नाही, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे.

डॉक्टरांची बाजू नुसती पैशाची होती, असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी काही जण सरकारी आरोग्यसेवा पाहून इंग्लंडहून आलेले होते. आज सरकार बिल भरील. उद्या विचारील की ही तपासणी कशाला, हे औषध कशाला. परवा सांगेल की अमुक गावी जाऊन बस. जो पैसे देतो तोच शेवटी हुकूम सोडतो, ही त्यांची भीती, आणि ती निराधार नव्हती. त्यांची सूचना अशी, की ज्यांना झेपते त्यांनी आपापल्या पसंतीच्या संस्थेत विमा उतरवावा, आणि जे खरोखर गरीब आहेत त्यांची पट्टी सरकारने भरावी. ऐकायला हे सरळ वाटते. परंतु ‘खरोखर गरीब’ कोण, हे ठरवायला कोणीतरी घरात येऊन भांडीकुंडी मोजणार! दुष्काळात मदतीच्या रांगेत उभे राहिलेल्या त्या लोकांना ही मोजदाद नको होती, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म इथे आहे. डॉक्टरांना सरकारच्या दाराशी जायचे नव्हते. शेतकऱ्याला दयेच्या दाराशी जायचे नव्हते. दोघेही आपापली प्रतिष्ठाच सांभाळत होते.

नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला. त्याच महिन्यात डग्लस केंद्रीय राजकारणात गेले, आणि हे ओझे वुड्रो लॉइड यांच्या खांद्यावर आले. लॉइड मूळचे शाळामास्तर, शांत आणि थोडेसे अबोल. ३ मे १९६२ रोजी ते रेजायना शहरात डॉक्टरांच्या सभेत स्वतः जाऊन बोलले. त्यांचे बोलणे झाल्यावर, ज्यांना ही योजना नको त्यांनी उभे राहावे, असे अध्यक्षांनी सांगितले. आणि मुख्यमंत्री समोर बसलेले असताना जवळजवळ सगळे सभागृह उभे राहिले. जूनमध्ये डग्लस स्वतः त्याच रेजायनात केंद्रीय निवडणूक हरले. लॉइड मात्र डगमगले नाहीत. पट्टी ठरली होती: एकट्याला वर्षाला १२ डॉलर, कुटुंबाला २४, बाकीचा पैसा करांतून.

आणि १ जुलै उजाडला. डॉक्टर ‘संप’ हा शब्द वापरत नसत. ‘आम्ही सेवा काढून घेतली आहे’ असे म्हणत. ठराविक रुग्णालयांत तातडीची सेवा त्यांनी ठेवली होती, आणि तिचे पैसे ते घेत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु पहिल्याच दिवशी एका खेड्यातले आईबाप आपले नऊ महिन्यांचे आजारी मूल घेऊन डॉक्टर शोधत मोटारीने निघाले, आणि मूल वाटेतच गेले. डॉक्टर मिळता तर ते वाचते का, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण या बातमीनंतर भांडणाचा रंग पालटला. आतापर्यंत भाषणे होती. आता प्रत्येक घरातली आई आपल्या मुलाच्या कपाळाला हात लावून पाहू लागली.

गंमत अशी, की या आयाच दोन्ही बाजूंना होत्या. ‘आमचे डॉक्टर आम्हांला राहू द्या’ म्हणून समित्या निघाल्या, त्यांची सुरुवात गृहिणींनीच केली होती. प्रांतातली मोठी वर्तमानपत्रे त्यांच्या पाठीशी. दुसरीकडे लोकांनी वर्गण्या काढून स्वतःचे दवाखाने उघडले. सॅस्काटून शहरात असा दवाखाना संपाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. तिथे काम करणाऱ्या मोजक्या डॉक्टरांना व्यवसायबंधूंनी वाळीत टाकले. रुग्णालयांत रोगी दाखल करण्याची परवानगी मिळायलाही त्यांना झगडावे लागले. सरकारने इंग्लंडहून विमानाने डॉक्टर आणवले. ११ जुलैला रेजायनाच्या विधानभवनासमोर समित्यांनी प्रचंड मोर्चा काढायचे ठरवले. हजारो नव्हे, दहा-दहा हजारांचे आकडे बोलले जात होते. आले चार-पाच हजार. त्या दिवशी डॉक्टरांच्या पुढाऱ्यांना काय ते समजून चुकले असावे.

मिटवायला माणूस सापडला तो इंग्लंडमध्ये. लॉर्ड टेलर हे स्वतः डॉक्टर, मजूर पक्षाचे, आणि तिकडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेची उभारणी जवळून पाहिलेले. आपल्या कामाचा मोबदला म्हणून त्यांनी मासेमारीची एक सहल तेवढी मागितली! दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवले तर पुन्हा शब्दाने शब्द वाढेल, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे घालीत राहिले. एकाला चुचकारीत, दुसऱ्यावर ओरडत. २३ जुलैला सॅस्काटूनमध्ये करारावर सह्या झाल्या.

करारात काय होते? तत्त्व सरकारचे राहिले: सगळ्यांना विमा, सक्तीचा, सार्वजनिक. पण पैसा कुठल्या वाटेने यावा, ही निवड डॉक्टरांची. हवे तर सरकारी आयोगाकडून थेट घ्यावा. हवे तर आपल्याच जुन्या विमासंस्थेच्या हातून घ्यावा. हवे तर रोग्याला बिल द्यावे आणि रोग्याने ते आयोगाकडून वसूल करावे. आणि अगदीच नको असेल तर योजनेबाहेर राहून व्यवसाय करावा. म्हणजे पैसा तोच, सरकारचाच, मधल्या खिडक्या वेगवेगळ्या. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी तेवीस दिवस? पण सरकारचा चेक थेट हातात घेणे न घेणे हा त्यांना इभ्रतीचा प्रश्न वाटत होता, आणि टेलर यांनी तो ओळखला.

या तडजोडीची किंमतही पडली. कामाप्रमाणे फी ही पद्धत करारात पक्की झाली. डॉक्टरांनी पगारावर, एकत्र बसून, रोग टाळण्याचे काम करावे, ही सिगरिस्टच्या पाहणीतली कल्पना मागे पडली. लोकांनी वर्गणीतून उघडलेले दवाखानेही पुढे बरीच वर्षे रखडत चालले. ज्यांनी संपाच्या दिवसांत धीर धरला, त्यांच्या पदरात करारातून फार थोडे पडले, असे मला वाटते.

लॉइड यांचे सरकार १९६४ च्या निवडणुकीत पडले. नवे मुख्यमंत्री रॉस थॅचर यांनी, विरोधी पक्षात असताना संपाच्या त्या दिवसांत विधानसभेच्या बंद दारावर लाथ मारली होती, आणि ते छायाचित्र देशभर गाजले होते. अधिकारावर आल्यावर मात्र त्यांनी योजनेला हात लावला नाही. लावण्याची सोयच उरली नव्हती. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने अशीच योजना सगळ्या देशाला हवी असा अहवाल दिला, १९६६ मध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सगळे प्रांत तीत आले. इकडे सस्कॅचवानचे डॉक्टर एकेक करून जुन्या विमासंस्थांची खिडकी सोडून आयोगाकडून थेट पैसे घेऊ लागले. त्यात कागदपत्रे कमी आणि पैसे लवकर, एवढेच कारण.

थॅचर यांनी १९६८ मध्ये एक गोष्ट केली. लोक उगाच डॉक्टरकडे जातात म्हणून दर भेटीला दीड डॉलर आकारायला सुरुवात केली. भेटी कमी झाल्या खऱ्या. पण गरिबांच्या भेटी इतरांपेक्षा किती तरी अधिक घटल्या, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. १९७१ च्या निवडणुकीत थॅचर हरले, आणि नव्या सरकारने तो दीड डॉलर काढून टाकला.