तळटीप : हमिंगबर्ड की शिंजीर?

१२. हमिंगबर्ड : हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. कंग्राळीच्या परड्यात आजीने पाहिला तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दिसायला सारखे, पण नाते फार दूरचे. तिकडचा माणकासारख्या गळ्याचा हमिंगबर्ड हिवाळा बहुधा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढून वसंतात उत्तरेला परततो. लोक त्याच्यासाठी १ भाग साखर, ४ भाग पाणी अशी बाटली टांगतात (लाल रंग घालू नये, मधही नको, त्यात बुरशी लवकर धरते). शिंजीर एवढा लांब जात नाही आणि सहसा फांदीवर बसूनच मध पितो. त्याला बाटली कशाला? शिमग्याच्या सुमारास फुलणारा पांगारा, दारची जास्वंद, आंब्यावरचे बांडगूळ त्याला पुरते. बांडगूळ राहू द्या, असे मात्र आंबेवाल्याला सांगवत नाही. — संपादक