प्रगतिपुस्तकातले छत्तीस किलो

परवा एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. १९९३-९४ साली ती आठवीत माझ्या वर्गात होती, आता तीच पंचेचाळिशीला आली. बरोबर तिची सतरा वर्षांची लेक. चहा झाला, वर्गातलं कोण कुठे असतं याची उजळणी झाली आणि मग तिने मूळ गोष्ट काढली. लेकीच्या कॉलेजात आरोग्य तपासणी झाली, त्यात वजन ३९ किलो भरलं आणि रक्तही कमी निघालं. तेव्हापासून पोरगी घाबरली आहे.

"बाई, मी हिला सांगत्ये, घाबरण्यासारखं काही नाही. आमचं घराणंच बारीक. पुरावाच आणलाय बघा."

असं म्हणून तिने पिशवीतून आठवीचं प्रगतिपुस्तक काढलं. कडा कुरतडलेल्या, पण आतली शाई शाबूत. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. खाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही.

"आठवीत मी छत्तीस, म्हणजे हिच्या वयाची असताना चाळिसाच्या आतच असणार ना? मग माझं काय अडलं? दोन बाळंतपणं झाली, घर चालवत्ये."

मी नुसती मान हलवली आणि विषय बदलला. मंडळी, खरं सांगायचं तर तो छत्तीसचा आकडा खोटा आहे. लिहिला मीच, पण तिला काट्यावर उभी करून नव्हे.

झालं असं की शाळेत एकच वजनकाटा होता आणि त्याचा काटा एका जागी अडकून बसला होता. निकाल दोन दिवसांवर. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचे रकाने, आणि ते कोरे ठेवायचे नाहीत अशी रीत. मी काय केलं? मागच्या वर्षीचं वजन घेतलं आणि प्रत्येकीच्या नावापुढे त्यात दोन किलो मिळवले. पन्नासएक मुलींची वजनं अर्ध्या तासात झाली! मागच्या वर्षीचा आकडा तरी खरा होता की नाही, देव जाणे. तपासणीला कुणी विचारलं नाही. गणिताचा एक मार्क चुकला असता तर मी रात्री झोपले नसते, पण वजन म्हणजे काय, नुसता रकाना.

मी हे विसरूनही गेले असते. पण जन्मभर पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोची असलेली मी, निवृत्तीच्या सुमारास मला साखर निघाली. मधुमेह हा जाड्या माणसांचा आजार अशी माझी पक्की समजूत. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मी बी.ए. मराठीची, शब्दकोश घेऊन बसावं लागलं. पण वाचता वाचता एक इतिहास उलगडला, आणि तो सगळा वजनाच्या वह्यांवर उभा आहे.

सुरुवात इंग्लंडात होते. हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या एक बाई सुईणींच्या कामावर देखरेख करीत. १९११ पासून त्यांच्या हाताखालच्या परिचारिका गावोगावी जाऊन जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन वहीत लिहीत. वर्षभराने परत जायचं, पुन्हा वजन करायचं. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं की याचा पुढे काय उपयोग होणार. वह्या भरत राहिल्या.

पाऊणशे वर्षांनी साउथॅम्प्टन विद्यापीठातले डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी त्या वह्यांपर्यंत पोचले. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांची बाळपणीची वजनं त्यांनी घेतली आणि त्यातले कोण कशाने गेले ते शोधलं. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला. वर्षाच्या वयाला जी बाळं १८ पौंड, म्हणजे साधारण आठ किलो किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण २७ पौंडांच्या बाळांच्या जवळजवळ तिप्पट. पोटात असताना बाळाला कमी पडलं तर ते मेंदू वाचवतं आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्यात काटकसर करतं. ती काटकसर साठीत उसळून वर येते, असा बार्कर यांचा विचार. अनेकांना तो पटला नाही. गरिबी, आनुवंशिकता, तंबाखू अशी दुसरी कारणंही असू शकतात, असा आक्षेप आला, आणि तो रास्तच होता. नुसत्या जुन्या वह्यांवरून त्याचं पुरतं उत्तर देता येत नव्हतं. त्यासाठी आईपासून सुरुवात करून मूल मोठं होईपर्यंत मागे राहायला हवं होतं.

ते काम आपल्याकडे झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. म्हणजे मी इकडे मनाने दोन-दोन किलो मिळवत होते, साधारण त्याच सुमाराला.

त्यांनी गरोदर बायांपासून नव्हे, तर त्याच्याही आधीपासून सुरुवात केली. लग्न झालेल्या सुमारे अडीच हजार बाया, दिवस जाण्याआधीच उंची-वजन करून नोंदलेल्या. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायच्या. पाळी चुकली की सोनोग्राफी, मग काय खाल्लं, किती कष्ट केले याची नोंद. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि चिमट्यासारख्या उपकरणाने कातडीची घडी धरून तिची जाडी. एखादं बाळ रात्री शेतातल्या वस्तीवर जन्मलं तरी ७२ तास म्हणजे ७२ तासच.

त्या गावांतली सरासरी आई कशी होती? वय एकवीस, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. तिचं पूर्ण दिवसांचं बाळ २.७ किलोचं, तर साउथॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. इथवर आपल्याला नवल वाटत नाही. नवल पुढे आहे. २००३ साली त्यांनी दाखवलं की आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नाही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकी टिकून. वरून हडकुळं, आतून चरबीचं. नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त होतं. पुढल्या वर्षी याज्ञिकांनी आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! तो फोटो पाहिला तेव्हा मला माझी साखर समजली.

आपण कोकणात काय म्हणतो? आमची माणसं काटक. पेज पिऊन दिवसभर डोंगर चढतील. ते खरंही आहे. पुण्यात १९८० च्या आसपास याच प्रश्नावर मोठा वाद झाला होता. जागतिक अन्न संघटनेतून निवृत्त होऊन आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणत, की माणसाची अन्नाची गरज रोज बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी उष्मांकाच्या खाली जेवणारा प्रत्येक जण उपाशी समजणं चूक. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. वाद उष्मांकांचा होता. पण सहा गावांच्या अभ्यासात पुण्याच्याच आगरकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव यांनी २००१ साली जे मांडलं ते निराळंच निघालं. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसेना. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध यांचा. पुढे असंही दिसलं की निम्म्याहून जास्त आयांना ब-१२ जीवनसत्त्व कमी पडत होतं, आणि ज्यांच्यात ब-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा होत्या.

कुणी म्हणेल, पालेभाजी खाणारी घरंच सुस्थितीतली असतील. म्हणून मुंबईत २००६ पासून डॉ. रमेश पोतदार, फॉल आणि सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायांवर प्रयोग केला. कुणाला काय मिळणार ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं. काहींना रोज पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ, बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. दिवस जाण्याआधीपासून ते बाळंतपणापर्यंत. आणि निकाल? एकूणात बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. एवढी वर्षं घालवल्यावर हे त्यांनी तसंच छापलं. मात्र ज्यांनी दिवस जाण्याआधी तीन महिने तरी खाऊ घेतला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार झाली, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर दिसला. आणखी एक गोष्ट होती. आई जितकी बारीक, तितका वजनातला फायदा कमी. अगदी हडकुळ्या आयांना तो दिसलाच नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची ताटं मांडून जे भरून येत नाही, ते लग्नानंतर सुरुवात करूनही पुरतं येत नाही. सुरुवात आठवीतल्या मुलीपासून व्हायला हवी. माझ्या वर्गापासून! पुण्याच्या मंडळींनाही तेच वाटलं असावं. २०१२ पासून त्यांनी त्याच सहा गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ द्यायला सुरुवात केली, पुढच्या पिढीसाठी. ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा निम्मी कमी वजनाची होती, आणि तरीही ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तातल्या साखरेचं गणित बिघडलेलं होतं. आपल्या जिल्ह्यातही आता डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींची अशीच नोंद ठेवायचं काम हाती घेतलं आहे.

आता सांगा, माझ्या विद्यार्थिनीच्या हातातलं ते प्रगतिपुस्तक मी कसं विसरू? बर्नसाइड बाईंच्या एखाद्या परिचारिकेने पावसात जायचा कंटाळा केला असता आणि घरी बसून "गेल्या खेपेपेक्षा अमुक पौंड जास्त" असं लिहिलं असतं, तर बार्करना काय सापडलं असतं? ती मुलगी प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडली होती, हे मला चांगलं आठवतं. मी तिला पाणी दिलं, सकाळी काय खाल्लंस विचारलं. "चहा" म्हणाली. घरात पुरुषांची आणि पोरांची पानं आधी, उरेल ते बायकांना, हे मला काय नवीन होतं? पण तिच्या वजनाच्या रकान्यात मी छत्तीस लिहिले आणि सगळं ठीक झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे बाई, मी छत्तीस किलो नव्हते?"

"माहीत नाही ग. तीस असशील, चाळीसही असशील. मी वजनच केलं नव्हतं."

"तीस वर्षं जपलं होतं मी ते पुस्तक," ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी तिला माझ्या साखरेचं सांगितलं, पुण्याच्या बाळांचं सांगितलं. म्हटलं, घराणं बारीक असेलही, पण ते लेकीला सांगू नकोस. तिचं रक्त पुन्हा तपासून घे, डॉक्टर देतील त्या गोळ्या रोज तुझ्यासमोर घेऊ दे. पावसात परड्यात टाकळा येतो, कुरडू येते, शेवगा तर दारातच आहे. मासे खाता ना, मग तिच्या ताटात आधी वाढ. आणि तिचा सोमवारचा उपास बंद कर. त्यावर ती जराशी हसली. "उपास मीच लावलाय बाई तिला," म्हणाली.

असो. आमच्या कुटुंबात आणि हे वाचणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून लिहिलं. मुलींची वजनं करा आणि जी भरतील ती लिहा. काटा मोडला असेल तर रकाना कोरा ठेवा. कुणी विचारलं तर सांगा, काटा मोडलाय, दुरुस्त करून द्या.