मेलॅनोमा : मिलिमीटरचा हिशोब

इंदिरानगरच्या आजच्या व्याख्यानात आपण मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास पाहतोय. 'हा गोऱ्यांचा आजार' असं आपल्याकडे म्हणतात. ते अर्धंच खरं. आपल्यात तो कमी होतो. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे ऊन लागतच नाही. बॉब मार्ले गेला तो याच प्रकाराने. १९७७ साली पायाच्या अंगठ्यावर निदान झालं आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी, तो वारला.

रुग्ण जगणार की नाही हे कशावर ठरतं, ते कळायला मात्र फार काळ गेला. १९०७ मध्ये लंडनच्या हँडली यांनी सांगितलं, की गाठीभोवतीचा भाग ऐसपैस कापा. आधार काय? एक शवविच्छेदन. एकच! तरी पुढची कित्येक दशकं सर्जन पाच-पाच सेंटिमीटर कातडी काढत राहिले. १९४१ साली परळचं टाटा हॉस्पिटल उघडलं, डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथली प्रयोगशाळा सांभाळू लागले, तेव्हाही जगात हाच रिवाज होता.

हिशोब बदलला तो १९७० मध्ये. अमेरिकेतल्या ब्रेस्लो यांनी ९८ रुग्णांच्या गाठींची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजली. ०.७६ मिलिमीटरपेक्षा पातळ गाठ असलेल्यांचा आजार पसरला नव्हता. म्हणजे सर्जनने किती रुंद कापलं यापेक्षा आजार आधीच किती खोल उतरलाय, हे महत्त्वाचं. आम्हाला या साऱ्या इतिहासातलं सर्वात मोठं पाऊल हेच वाटतं, आणि त्याला लागली फक्त एक मोजपट्टी. गाठीवर व्रण आहे का, जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिकाग्रंथींत पेशी पोचल्यात का, हे निकष पुढे जोडले गेले.

आजार दूरवर पसरला की २०११ पर्यंत बहुतेकांचं आयुष्य वर्षभराच्या आतच संपायचं. मग प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी औषधं आली. त्यामागच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं. दोन औषधं एकत्र दिलेल्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी ४३ टक्के रुग्ण जिवंत होते. पण त्या चाचणीतले रुग्ण बहुतांश गोरे. तळपायाच्या मेलॅनोमावर या औषधांचा गुण कमी येतो, आणि खर्च तर विचारूच नका.

त्यामुळे आपल्याकडे निकाल अजूनही बराचसा जाडीवरच लागतो. शेतात अनवाणी राबणारा माणूस तळपायाचा काळा डाग भोवरी किंवा काट्याची जखम समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसतो. नाशिकरोडहून गाडी पकडून तो परळला पोचेपर्यंत ते मिलिमीटर वाढलेले असतात.