व्यसनी मनुष्य आणि त्याचा समुपदेशक

दारूच्या किंवा अफूच्या आहारीं गेलेल्या मनुष्याला ताळ्यावर कसें आणावें, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या घरोघरीं विचारला गेला आहे. परंतु अमुक उपायानें तो ताळ्यावर आला असें जेव्हां सांगतात, तेव्हां तो खरोखर त्याच उपायानें आला कीं काय, हा दुसरा प्रश्न विचारण्यास वैद्यकानें फार उशीर लावला. १७८४ सालीं फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनीं अतिमद्यपान हा एक रोग आहे असें प्रतिपादन केलें. रोग म्हटला कीं औषध आलें, आणि औषध आलें कीं औषध विकणाराही आला. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत ड्वाइट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १८७९ पासून डॉक्टर लेस्ली कीली यांनीं सुवर्णक्षाराच्या औषधानें दारू सोडविण्याचा व्यवसाय मांडला. त्या औषधांत सोनें कितपत होतें याविषयीं त्या काळींही अनेकांना शंका होती. तरी चार आठवड्यांच्या या उपचारासाठीं माणसें लोटलीं, आणि बऱ्या झालेल्यांचे भले मोठे आंकडे खुद्द कीली यांच्याकडूनच प्रसिद्ध होत राहिले. १९०० सालीं ते वारले व पुढें उपचाराचा बोलबालाही ओसरला. औषध विकणारानेंच गुणाची मोजदाद ठेवावी, ही रीत मात्र त्यांच्याबरोबर गेली नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यास औषधाची जागा दटावणीनें घेतली. व्यसनी मनुष्य खोटें बोलतो, आपलें व्यसन नाकबूल करतो, तेव्हां त्याचें हें नाकबूलपण घणाचे घाव घालून फोडल्याविना गत्यंतर नाहीं, असा समज उपचार करणाऱ्या पुष्कळांत रूढ झाला. त्याचें टोंक पाहावयाचें तर १९५८ सालीं कॅलिफोर्नियांत चार्ल्स डेडरिक यांनीं स्थापिलेल्या ‘सिनॅनॉन’ या संस्थेकडे पाहावें. तेथें सर्वांनीं गोलाकार बसून एकेकावर शब्दांचा भडिमार करावा, त्याचीं लक्तरें काढावीं, असा नित्याचा परिपाठ असे. त्याला ‘खेळ’ असें नांव होतें. १९७८ सालीं या संस्थेच्या लोकांनीं आपल्याविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटींत जिवंत रॅटलस्नेक जातीचा विषारी साप सोडला, एवढें सांगितलें म्हणजे ‘खेळा’ची परिणति ध्यानांत येईल. १९९१ मध्यें संस्था बंद पडली. पण तिच्या दटावणीचें अनुकरण इतर अनेक उपचारगृहांनीं त्यापूर्वींच केलें होतें.

या समजाला धक्का बसला तो अगदीं अनपेक्षितपणें. न्यू मेक्सिको विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर हे मद्यपींसाठीं योजलेल्या निरनिराळ्या वर्तनोपचारांची तुलना करीत होते. १९८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत उपचारा-उपचारांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. कांहीं रुग्णांना तर नुसती एक मार्गदर्शक पुस्तिका देऊन घरीं पाठविलें होतें. त्यांचेंही पिणें इतरांइतकेंच कमी झालें. मग फरक पडला तो कशानें? समुपदेशक होते नऊ. समोरच्याचें म्हणणें नीट ऐकून त्याचा आशय अचूक उमगून घेण्याची हातोटी ज्या समुपदेशकाला साधली होती, त्याच्या रुग्णांना गुण अधिक आला. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या स्थितींत जो भेद दिसला त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग या एकाच गुणाशीं निगडित होता. दोन वर्षांनंतरही तो एकचतुर्थांश राहिला. आणि ज्यांच्यापाशीं ही सहानुभूति अगदींच तुटपुंजी होती, त्यांच्या रुग्णांचे हाल पुस्तिका घेऊन घरीं बसलेल्यांपेक्षां अधिक झाले. समुपदेशकाला खिन्न करणारी एवढी स्पष्ट गोष्ट क्वचितच कोणा संशोधनानें सांगितली असेल.

१९८२ मध्यें मिलर नॉर्वेंतील बर्गेन शहराजवळच्या एका उपचारगृहांत गेले. तेथील तरुण मानसशास्त्रज्ञ स्वतः रुग्णाची भूमिका घेत आणि मध्येंच त्यांना थांबवून विचारीत : हाच प्रश्न कां विचारला? येथेंच गप्प कां राहिलांत? उत्तरें देतां देतां मिलर यांना आपल्याच रीतीचे नियम सांपडत गेले. दारू सोडण्याचीं कारणें समुपदेशकानें मांडूं लागावें, तर रुग्ण आपोआप दारूची वकिली करूं लागतो. तींच कारणें रुग्णाच्या तोंडून निघतील असें बोलावें, तर त्याचें मन वळण्याचा संभव वाढतो. १९८३ मध्यें यावर त्यांचा लेख आला आणि १९९१ मध्यें स्टीफन रोलनिक यांच्यासह ग्रंथ. पुढें १९९३ च्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, समुपदेशक जितका अधिक दटावतो, तितका त्याचा रुग्ण वर्षभरानंतर अधिक पितो. घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही हा निष्कर्ष पचण्यास कठीणच जावा.

अमेरिकन सरकारच्या साहाय्यानें १७२६ मद्यपींवर झालेल्या व १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत तीन निरनिराळ्या उपचारांची परीक्षा झाली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मानवतो हें हुडकण्याची आशा बहुतांशीं फोल ठरली. तिन्ही गटांचें पिणें पुष्कळ घटलें, आणि मिलर यांच्या रीतीच्या अवघ्या चार बैठकी इतर दोहोंच्या बारा बैठकींच्या जवळपास उतरल्या.

परंतु नुसत्या गोड बोलण्यानें सर्व साधतें असें मात्र नव्हे. अफूचें व त्यापासून होणाऱ्या हेरॉइनचें व्यसन शरीरांत खोल रुतलेलें असतें. १९३५ सालीं केंटकींतील लेक्सिंग्टन येथें सरकारनें अशा व्यसनींसाठीं शेतीवाडीसह मोठें रुग्णालय उभारलें. बाहेर पडलेल्यांपैकीं बहुसंख्य पुन्हा व्यसनाकडे वळले. त्याच रुग्णालयांत पूर्वीं काम केलेल्या डॉक्टर मेरी निस्वॉंडर यांनीं व्हिन्सेंट डोल यांच्यासह न्यूयॉर्कमध्यें वेगळी वाट धरली. दिवसांतून एकदां तोंडानें घ्यावयाच्या मेथाडोनच्या स्थिर मात्रेनें तलफ शमते व गुंगीही येत नाहीं, हें त्यांना २२ रुग्णांवर आढळून आलें. तो लेख १९६५ चा. एक नशा काढून दुसरी दिली, ही टीका तेव्हांपासून आजतागायत चालूच आहे. तथापि पुढील प्रयोगांनीं दाखविलें कीं, असें औषध घेणारे उपचारांत टिकतात व हेरॉइन कमी घेतात. उलट केवळ अंगांतील विष उतरवून घरीं धाडलेला मनुष्य अधिक धोक्यांत असतो : शरीराची सवय मोडलेली असते, आणि त्यानें पूर्वींचीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ मध्यें मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन हीं औषधें आवश्यक औषधांच्या यादींत घातलीं, त्यामागें हा पुरावा आहे.

एका बाबतींत विद्वानांनाही माघार घ्यावी लागली. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं दोन मद्यपींच्या भेटींतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मली. एका व्यसनीनें दुसऱ्याचा हात धरावा, हें तिचें सूत्र. पुण्यास १९८६ मध्यें डॉक्टर सुनंदा व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें गर्दच्या व्यसनींसाठीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. तेथेंही व्यसनांतून सुटलेले अनेकजण पुढें कार्यकर्ते होऊन राहिले. बारा पायऱ्यांच्या या मार्गांत प्रार्थना फार आणि पुरावा थोडा, असें कित्येक संशोधक दीर्घकाळ म्हणत आले. २०२० मध्यें २७ अभ्यासांचा एकत्र पडताळा घेण्यांत आला. त्यांत या मार्गाची पद्धतशीर ओळख करून दिलेल्या मद्यपींमध्यें संपूर्ण दारू सोडून टिकणारांचें प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षां अधिक आढळलें.