उलटा फोटो

एरंडोलहून जळगावला सायकलने जा, वारा पाठीवर. परत येताना तोच वारा तोंडावर. दोन्ही वेळा मांडल्या की वाऱ्याचा हिशेब बराचसा सुटतो. मेंदूच्या डिफ्यूजन एमआरआयची दुरुस्ती साधारण अशीच चालते!

१९७७ मध्ये पीटर मॅन्सफिल्डने एका झटक्यात अख्खं चित्र घ्यायची रीत मांडली. डिफ्यूजनला हाच वेग लागतो, कारण डोकं जरा हललं की सगळं बिघडतं. पण नाका-कानाच्या पोकळीतल्या हवेमुळे तिथलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, चित्र ताणलं किंवा दाबलं जातं. ट्यूमरजवळचे मज्जातंतू शोधणाऱ्या सर्जनला काही मिलिमीटरही महागात पडतात.

१९९५ मध्ये जेझर्ड आणि बालाबान यांनी त्या क्षेत्राचा नकाशा मोजून चित्र सरळ केलं. छान, पण एकावर एक चढलेले पिक्सेल नकाशा कसे सोडवणार? खरी गंमत चँग आणि फिट्झपॅट्रिक यांनी १९९२ मध्येच सांगितली होती : दिशा उलटवून दुसरं चित्र घ्या. एकात दाबलेलं दुसऱ्यात ताणलेलं दिसतं, म्हणजे माहिती शिल्लक असते. २००३ मध्ये अँडरसन, स्कारे आणि ॲशबर्नर यांनी हे डिफ्यूजनला लावलं. संशोधकांना ते आज ‘टॉपअप’ नावाने फुकट मिळतं. (मोबाईलच्या रिचार्जशी संबंध नाही.)