पटाचा पंच

शंकरपटात जोडी मागे पडली की धनी बैलांना बोल लावत नाही, घड्याळाला लावतो. झेंडी आधी पडली, बटण उशिरा दाबले, समोरच्याचा भाचा तिथेच उभा होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत पटाचा मोसम सुरू झाला की ही भांडणे सुरू होतात आणि ती सगळी ज्याच्या अंगावर येतात तो पंच. त्याने कुठली परीक्षा दिलेली नसते. गावाने त्याला मानले, एवढीच त्याची सनद.

त्याच्या कुळाकडे जाण्याआधी पटाचे कूळ पाहायला हवे. पश्चिम महाराष्ट्रात जी बैलगाडा शर्यत, तिला विदर्भात शंकरपट म्हणतात. पट म्हणजे धावेची सरळ पट्टी, आणि शंकर आला नंदीवरून, अशी लोकांची उकल. इकडे दिवाळीनंतर धान कापला जातो, बांध्या रिकाम्या होतात, जमीन टणक होते आणि बैलांनाही उसंत मिळते. पट भरायला याहून मोठे कारण शोधायची गरज नाही. गाड्यांचेही दोन स्वभाव होतेच: ओझ्याला खासर, माणसांना ने-आण करायला हलकी रेंगी. पाहुण्यांना घेऊन निघालेल्या दोन रेंग्या एका वाटेवर आल्या की धुरकऱ्यांना, म्हणजे गाडी हाकणाऱ्यांना, राहवत नसणार. पटावरचा छकडा तर रेंगीहूनही हलका. त्यात धुरकरी कसाबसा मावतो.

बैलांतही असेच दोन स्वभाव. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजांचे सामान झपाट्याने हलवण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे सांगतात. झाडीपट्टीची स्वतःची जात कठाणी. ती अंगाने लहान, धानाच्या चिखलात न थकणारी. एक पळायला, दुसरी राबायला.

आता पंच. शब्द पाचाचा आहे. गावच्या तंट्यात पाच जण बसत, त्या पाचांतला प्रत्येक जण पुढे एकटाच ‘पंच’ म्हणवून घेऊ लागला. पटात तो दोन रूपांत दिसतो. जिथे दोन जोड्या शेजारी सुटतात तिथे निकाल नजरेचा: शेवटच्या रेषेवर कोणाचे नाक पुढे, ते ज्याला दिसले तो पंच. जिथे एकेक जोडी एकटीच धावते तिथे नजर निरुपयोगी. तिथे स्टॉपवॉच आले, आणि आता रेषेवर सेन्सर लावलेली इलेक्ट्रॉनिक घड्याळे. बक्षीस सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरू लागले. भांडण मात्र थांबले नाही, फक्त बटणावरून तारेवर गेले.

या पंचाने एक गोष्ट कधी मोजली नाही: बैल कसा धावला. वेळ मिळाली की त्याचे काम संपले.

घोड्यांच्या दुनियेत याच्या नेमका उलटा पंच आहे. ड्रेसाज हा खेळ १९१२ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. वीस बाय साठ मीटरच्या चौकोनात घोडा ठरलेल्या चाली करतो आणि प्रत्येक चालीला शून्य ते दहा गुण मिळतात. घाई करणाऱ्याचे तिथे काही चालत नाही. अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मैदानाभोवती पाच परीक्षक बसतात (इथेही पाचच!), परीक्षक नजर घोड्यावर ठेवून गुण बोलतो आणि शेजारचा लेखनिक ते उतरवतो. अमेरिकेत काउबॉयच्या खोगिरावरचा ‘वेस्टर्न ड्रेसाज’ निघाला, त्याची संघटना २०१० मध्ये झाली. तिथे परीक्षक व्हायचे तर प्रशिक्षण, ज्येष्ठांशेजारी बसून सराव, परीक्षा, आणि मग परवाना. परवान्याच्या पायऱ्यांची नावे इंग्रजी अक्षरांवर: आधी लहान ‘आर’, मग मोठा ‘आर’. मराठी शेतकऱ्याला ‘आर’ ठाऊक आहे ती तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला ठोकलेली, बैलाच्या पुठ्ठ्यात रुतणारी. एक आर टोचण्यासाठी, दुसरी टोचल्याचे ओळखण्यासाठी.

ही टोचणारी आरच पटाला नडली. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांत बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही उच्च न्यायालयात अडला. बंदीच्या वर्षांत झाडीपट्टीचे नाटक मात्र चालूच राहिले. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी इथली जुनी जोडी. पाहुणा बैल बघायला येई आणि नाटकासाठी मुक्काम करी. इथल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा जम बसण्यात या मुक्कामी पाहुण्यांचा वाटा मोठा.

१६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. पीठावर न्यायमूर्ती किती? पाच. शब्दाच्या मूळ अर्थाने पंच तेवढ्या दिवशी पटाला मिळाले.

परवानगीच्या अटींबरोबर पटावर नवा माणूस आला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टी एक हजार मीटरच्या आत हवी, चाबूक-काठी चालत नाही, कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. आणि धावण्याआधी बैल तपासायला पशुवैद्यकीय अधिकारी. तो पाय बघतो, श्वास बघतो, पाठ-पुठ्ठ्यावरून हात फिरवतो. घड्याळाशी त्याचे देणेघेणे नाही. त्याने मान हलवली की जोडी छकड्याला जुंपलीच जात नाही. मग मागच्या पटात तिची वेळ कितीही चांगली लागलेली असो, लाउडस्पीकरवर पुढच्या जोडीचे नाव पुकारले जाते.